उन्हाळ्यात टिकणारी कोंबडी: अंड्यांचा आकडा नंतर, आधी मान आणि वजन बघा

मार्च लागला की सगळ्या ग्रुपवर एकच प्रश्न, दादा जास्त अंडी देणारी जात कुठली सांगा. अहो, तुम्ही अकोला, चंद्रपूर, परभणी, जळगावकडचे असाल तर मे महिन्यात ४५ डिग्रीला ती कोंबडी जिवंत राहील का हे आधी विचारा, अंडी मोजायची वेळ त्यानंतर येते.

कोंबडीला घाम येत नाही. अंगाचं तापमान मुळातच ४१-४२ डिग्री, वरून पिसांचं जॅकेट, त्यामुळे गरम झालं की चोच उघडून धापा टाकायच्या आणि तुऱ्यातून, गळ्याखालच्या लोंबत्या लाल मांसातून, उघड्या कातडीतून उष्णता बाहेर टाकायची, एवढंच तिच्या हातात. म्हणजे अंगाने हलकी, पिसं कमी आणि तुरा मोठा असेल ती कोंबडी तगते. ३५ च्या वर गेलं की खाणं कमी होतं, ४० च्या पुढे जी जड आहे ती आधी पडते. फेब्रुवारीत ब्रॉयलरची बॅच टाकली आणि दर नाही म्हणून विक्री लांबवत बसलं की दोन किलोचे पक्षी एका दुपारीत ओळीने झोपतात, दरवर्षी कुठे ना कुठे हे होतंच.

उघड्या मानेची कोंबडी गावात कुणालाच आवडत नाही, दिसायला गिधाडासारखी, बाजारात कुणी हात लावत नाही. पण उन्हाळ्यासाठी माझं मत विचाराल तर पहिला नंबर तिचाच. हा गुण प्रबळ आहे, म्हणजे अस्सल उघड्या मानेचा एकच कोंबडा आपल्या गावरान कोंबड्यांत सोडला तरी सगळी पिल्लं उघड्या मानेची निघतात. मिश्र पिल्लांच्या मानेला पुढच्या बाजूला पिसांचा एक झुबका राहतो, आणि अंगावरची पिसं साधारण २० टक्क्यांनी कमी असतात. झुबका जवळजवळ नाहीच, मान पार मोकळी, असा कोंबडा दिसला तर तो आई-बाप दोन्हीकडून अस्सल, त्याची पिसं साधारण ४० टक्के कमी, पैदाशीसाठी तोच घ्या. बरेलीजवळ इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने याच गुणावर हितकारी आणि उलट्या पिसांच्या कोंबडीवरून उपकारी अशा जाती काढल्यात. पण इथे त्यांची पिल्लं मिळायची वाट बघण्यापेक्षा आठवडी बाजारात कोंबडा शोधलेला बरा.

आता नेहमीची नावं. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ग्रामप्रिया हलकी आहे, परसात वर्षाला दीडशेच्या आसपास अंडी देते, अंड्यांसाठी पाळायची तर ही चांगली. वनराजा तिथलीच पण जड, मांसाला छान. बंगळूरची गिरिराज त्याहून वजनदार. या दोघी वाईट नाहीत हो, फक्त त्यांचा हंगाम चुकतो. फेब्रुवारी अखेर पिल्लं आणली की भर मे मध्ये त्यांचं वजन चढलेलं असतं, तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात या दोन जाती पाऊस पडल्यावर, जून-जुलैत आणा, म्हणजे थंडीत अंड्यावर येतील. पिल्लांसाठी पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर इथली सरकारी अंडी उबवणी केंद्रं आहेत, बुकिंग आधी करून ठेवा, ऐनवेळी नाही मिळत.

कडकनाथ उन्हाला चिवट आहे यात वाद नाही, झाबुआ-अलीराजपूरच्या उन्हातला पक्षी तो, पण अंडी वर्षाला शंभराच्या आतच आणि गिऱ्हाईक आपलं आपण शोधायचं. पिल्लं आम्ही देतो, अंडी आम्हीच हजारोंच्या भावाने परत घेतो असं कुणी म्हणालं तर २०१९ ला सांगली-कोल्हापूरकडे अशाच कडकनाथ योजनेत शेतकऱ्यांचे पैसे बुडाले ते आठवा आणि दारातूनच नमस्कार करा. काळं अंग ऊन ओढतं, त्यामुळे त्यालाही सावली लागतेच.

जात कुठलीही घ्या, दुपारी ११ ते ४ खाद्य देऊ नका, कारण पचन होताना अंगात आणखी उष्णता तयार होते, खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या. पाणी मात्र दिवसभर, मातीच्या भांड्यात, सावलीत, आणि नेहमीपेक्षा दुप्पट धरून चाला. पत्र्यावर चुना मारा, वर पाचट नाहीतर पऱ्हाट्या टाका. ओलं गोणपाट विदर्भात काम करतं कारण तिथली हवा कोरडी, कोकणात आणि गोव्यात नुसता दमटपणा वाढतो, तिथे वारा खेळता ठेवा, पंखा लावा. धापा टाकून रक्तातलं गणित बिघडतं म्हणून या दिवसात अंड्याचं कवच पातळ येतं, शिंपल्याचा चुरा संध्याकाळी द्या, कवच रात्रीच बनत असतं.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस चुकवू नका, तगडी जात म्हणून मानमोडी सोडत नाही. लस पहाटे द्या, पाण्यातून देत असाल तर ग्रामपंचायतीचं टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेलं पाणी अजिबात नको, लस त्यातच मरते. विहिरीचं गार पाणी घ्या, त्यात थोडी दूध पावडर मिसळा, आणि त्याआधी तासभर पक्षी तहानलेले ठेवा, त्याहून जास्त नको.

एक गोष्ट बरेच जण विसरतात, ग्रामप्रिया, वनराजा सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंड्यांवर बसत नाहीत, म्हणून दोन-तीन गावरान कोंबड्या पिल्लं काढायला ठेवाच. फक्त उन्हाळ्यात अंडी दिवसातून दोनदा उचला, माठाजवळ गार जागी ठेवा आणि चार-पाच दिवसांच्या आत खुडूक कोंबडीखाली घाला, पत्र्याखाली तापलेली अंडी बसवून उपयोग नाही, तीन आठवड्यांनी कुजकी निघतात.