आधी आयडेंट, मग काटा: रेडिओ नॅव्हिगेशनच्या उड्डाणाची तयारी

रेडिओ साधनांवरचं पहिलं क्रॉस-कंट्री उड्डाण जवळ आलं असेल तर ही तयारी करून जा. चार्ट, नी-बोर्ड (मांडीवर बांधायची पाटी), पेन्सिली, हेडसेट, इंधनाचा हिशेब हे तुम्ही घेणारच, त्यावर शब्द घालवत नाही. ज्या एका गोष्टीसाठी लिहायला बसलो ती आधी सांगतो. फ्रीक्वेन्सी लावली की त्या केंद्राचा, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ साधनाचा, मॉर्स आयडेंट (ओळखीची अक्षरं) कानाने ऐकायचा, चार्टवरच्या ठिपक्या-रेघांशी ताडायचा, आणि तोवर मार्ग दाखवणाऱ्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. मागच्या वेळी मी तो ऐकला नव्हता. नवी फ्रीक्वेन्सी स्टँडबायच्या (राखीव) खिडकीतच राहिली होती. काटा जिवंत होता, ऑफचा फ्लॅग दिसत नव्हता, म्हणून नवं केंद्र लागलं असं मी धरून चाललो. काटा जुन्याच केंद्राचा होता.

तयारी आदल्या दिवशी टेबलावर सुरू होते. मार्गावर जी जी केंद्रं वापरणार आहात त्यांचं नाव, फ्रीक्वेन्सी, कोर्स (जायची दिशा) आणि आयडेंटची अक्षरं नी-बोर्डवर एका ओळीत उतरवा. अक्षरांच्या शेजारी त्यांचा मॉर्सही काढा, ठिपके आणि रेघा, लांबून दिसतील एवढ्या मोठ्या. अख्खं मॉर्स पाठ करत बसू नका, चार्टवर केंद्राच्या चौकटीत ते छापलेलं असतं. पण ते तोंडाने म्हणून बघा, ‘डिट’ आणि ‘डा’ करून, मोठ्याने. कानाला ओळखायची असते ती लय, आणि इंजिनाच्या आवाजात पहिल्यांदाच ऐकलेली लय ओळखू येत नाही. नोटाम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) वाचा, कारण बंद असलेल्या केंद्रावर आखलेला मार्ग हवेत दुरुस्त करणं नवशिक्याला झेपत नाही.

फ्रीक्वेन्सी उतरवताना एक पडताळणी आयती मिळते, ती वापरा. व्हीओआर, म्हणजे तुम्ही त्याच्या कुठल्या दिशेला आहात ते सांगणारं केंद्र, १०८ ते ११७.९५ मेगाहर्ट्‌झमध्ये चालतं. यातल्या १०८ ते ११२ या पट्ट्यात आयएलएसचे (उतरताना वाट दाखवणाऱ्या यंत्रणेचे) लोकलायझरही, म्हणजे धावपट्टीची रेषा दाखवणारे संकेत, असतात, पण वाटणी ठरलेली आहे: दशांशानंतरचा पहिला आकडा विषम असेल तर लोकलायझर, सम असेल तर व्हीओआर. म्हणजे ११०.३ असं लिहून त्यापुढे व्हीओआर लिहिलं असेल तर तुम्ही काहीतरी चुकीचं उतरवलं आहे. ११२ च्या पुढे ही खूण चालत नाही, तिथे कानच कामाला येतो.

कुठलं केंद्र कुठून ऐकू येईल याचाही अंदाज टेबलावरच बांधा. या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगरामागे किंवा क्षितिजाखाली पोहोचत नाहीत. उंचीच्या फुटांचं वर्गमूळ काढून १.२३ ने गुणलं की नॉटिकल मैलांत अंदाजे पल्ला मिळतो. १,००० फुटांवर सुमारे ३९, ४,००० फुटांवर सुमारे ७८. ही उंची केंद्राच्या जमिनीपासून धरायची, आणि मध्ये डोंगर असेल तर आकडा विसरायचा. हे केलं नाही तर खाली असताना काटा का उठत नाही म्हणून नॉब फिरवत बसाल आणि तेवढ्या वेळात विमान भलतीकडे जाईल.

आता व्हीओआर नीट समजून घ्या. इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. केंद्र दोन संकेत सोडतं, दोन्ही ३० हर्ट्‌झचे. एक सगळ्या दिशांना सारखाच जातो. दुसरा सेकंदाला ३० वेळा गोल फिरतो. चुंबकीय उत्तरेला दोघांची लय तंतोतंत जुळते, पूर्वेला ९० अंशांचा फरक पडतो, दक्षिणेला १८० चा. तुमचा संच एवढा फरकच मोजतो आणि तुम्ही कुठल्या रेडियलवर (केंद्रातून निघणाऱ्या दिशारेषेवर) आहात ते सांगतो. या मोजणीत विमानाच्या नाकाचा संबंध कुठे आला? कुठेच नाही. जागच्या जागी विमान पूर्ण गोल वळवलं तरी रेडियल तोच राहतो. हे ज्याला पटलं त्याला व्हीओआर समजलं. बाकीचे काट्यामागे धावतात.

कागदावर केंद्र काढा आणि त्याच्या पूर्वेला, ९० च्या रेडियलवर, विमान ठेवा. केंद्राकडे जायचं तर कोर्स २७०. ओबीएसवर (कोर्स निवडायच्या नॉबवर) २७० लावलंत की काटा मध्ये आणि खूण टू (केंद्राकडे). आता विमान तिथेच, हेडिंगही (नाकाची दिशा) २७०, पण ओबीएस ९० वर. काटा पुन्हा मध्येच, खूण मात्र फ्रॉम (केंद्रापासून). इथे फसायला होतं. अशा स्थितीत उजवीकडे सरकलात तर काटाही उजवीकडे जातो, तुम्ही काट्याकडे वळता आणि मार्गापासून आणखी दूर जाता. म्हणून सवय एकच ठेवा: ओबीएसवरचा कोर्स आणि विमानाचं हेडिंग ढोबळमानाने एका दिशेला असल्याशिवाय काट्याचा पाठलाग नाही. कागदावर विमान आठही दिशांना ठेवून हा सराव करा. कंटाळा येतो, तरी करा. हवेत याचा विचार करायला वेळ मिळत नाही.

सीडीआयचा, म्हणजे कोर्सपासून किती बाहेर आहात ते दाखवणाऱ्या याच उपकरणाचा, काटा पूर्ण कडेला गेला म्हणजे कोर्सपासून किमान १० अंश बाहेर. प्रत्येक ठिपका २ अंशांचा. ६० मैलांवर १ अंश म्हणजे सुमारे १ मैल, तेव्हा तिथे एक ठिपका २ मैलांचा, ३० मैलांवर एक मैलाचा, आणि केंद्राजवळ आल्यावर तोच ठिपका काहीशे फुटांचा. म्हणून जवळ येताना काटा चपळ होतो. केंद्राच्या डोक्यावर तर तो भरकटतो, टू-फ्रॉम खूण डळमळते, कधी ऑफचा फ्लॅगही येतो. त्या वेळी हेडिंग धरून शांत राहा, पलीकडे फ्रॉम स्थिर होऊ द्या.

पण हे सारं बरोबर असलेल्या केंद्राबद्दल. चुकीच्या केंद्राचा काटाही असाच मध्ये येतो, त्याचे ठिपकेही २ अंशांचेच असतात, त्याचीही टू-फ्रॉम खूण नीट उलटते. ऑफचा फ्लॅग एवढंच सांगतो की संकेत वापरण्याजोगा नाही. संकेत कोणाचा आहे ते फक्त आयडेंट सांगतो.

कॉकपिटमध्ये बसल्यावर, इंजिन चालू झाल्यावर आणि टॅक्सी (विमान जमिनीवर चालवणं) सुरू करण्याआधी, ऑडिओ पॅनेलवर नॅव्हचं (नॅव्हिगेशन संचाचं) बटण दाबलेलं आहे ना ते बघा. नॅव्हचा आवाज वाढवा. काही संचांत आयडेंट ऐकण्यासाठी आवाजाची नॉब बाहेर ओढावी लागते, आत असताना मॉर्स गाळला जातो. तुमच्या विमानात काय आहे ते आधी विचारून ठेवा. ‘ऐकू येत नाही, पण असेल’ असं म्हणून पुढे जाणारे विद्यार्थी बहुतेक वेळा याच बटणापाशी अडलेले असतात. जमिनीवरून एखादं केंद्र ऐकू येत असेल तर तिथेच ऐका. विमानात दोन संच असतील तर दोन्हींवर तेच केंद्र लावून काटे किती जुळतात तेही बघून घ्या. डिरेक्शनल जायरो (हेडिंग दाखवणारं उपकरण) होकायंत्राशी जुळवा, नंतरही दर १५ मिनिटांनी, कारण तो सरकत राहतो.

जीपीएस असलेल्या विमानात आणखी एक सापळा आहे. एकच काटा जीपीएसलाही जोडता येतो आणि व्हीओआरलाही. बटण जीपीएसवर राहिलं असेल तर तुम्ही फ्रीक्वेन्सी लावाल, आयडेंट ऐकाल, ओबीएस फिरवाल, आणि काटा या कशाचंही ऐकणार नाही. तेव्हा आयडेंटच्या जोडीला काट्याचा स्रोत तोंडाने म्हणा. बऱ्याच डिजिटल पडद्यांवर जीपीएसचा काटा किरमिजी असतो आणि व्हीओआर-लोकलायझरचा हिरवा. नुसता रंग डोळ्यांखालून गेला म्हणजे झालं नाही, तो उच्चारा.

हवेत गेल्यावर क्रम बदलू नका. फ्रीक्वेन्सी स्टँडबायमध्ये लावा, अदलाबदलीचं बटण दाबा, ती वापरातल्या खिडकीत आली हे डोळ्यांनी बघा. मग ऐका. मग नी-बोर्डशी ताडा. मग ओबीएस, मग टू-फ्रॉम, आणि शेवटी काटा. ऐकताना उतावीळ होऊ नका: व्हीओआरचा आयडेंट सतत वाजत नसतो, दोन वेळांमध्ये अर्ध्या मिनिटापर्यंत शांतता असू शकते. पाच सेकंदांत काही आलं नाही म्हणून सोडून देऊ नका आणि ‘काहीतरी वाजलं’ म्हणून मान्यही करू नका. तीन अक्षरांची केंद्रं पुष्कळदा जवळपास सारखी वाजतात, तिसऱ्या अक्षरापर्यंत ऐका. काटा ठीक दिसतोय पण आयडेंट नाहीच, तर केंद्राची दुरुस्ती चालू असण्याची शक्यता आहे. अशा वेळी ओळख मुद्दाम काढून घेतात. काही ठिकाणी तिच्या जागी ‘टेस्ट’चा मॉर्स देतात: एक लांब, एक आखूड, तीन आखूड, एक लांब. दोन्हींचा अर्थ तोच, हे केंद्र नॅव्हिगेशनसाठी नाही. काटा कितीही देखणा उभा असो, वापरू नका.

काही नवे संच मॉर्स स्वतः वाचून अक्षरं पडद्यावर दाखवतात. चांगली सोय आहे. पण तीही अक्षरं चार्टशी ताडावी लागतातच, ताडल्याशिवाय आयडेंट झाला असं धरू नका. केंद्र बदललं की पुन्हा आयडेंट. प्रवासी बोलला, टॉवरने बोलावलं, मध्येच लक्ष तुटलं, तरी परत येऊन पुन्हा आयडेंट. इन्स्ट्रक्टर शेजारी आहे म्हणून तो ऐकेल असं समजू नका, तो तुम्ही ऐकता की नाही हे बघत असतो.

काटा नियमित तालात डुलत असेल तर घाबरण्याआधी आरपीएम (इंजिनाच्या फेऱ्यांचा वेग) थोडा बदलून बघा. प्रोपेलरच्या ठराविक वेगाला सीडीआय ६ अंशांपर्यंत डुलू शकतो.

एडीएफ (एनडीबी नावाच्या साध्या केंद्राकडे काटा दाखवणारा संच) असेल तर त्याच्यासाठी आयडेंट आणखी महत्त्वाचा, कारण बहुतेक एडीएफमध्ये संकेत गेल्याचं सांगणारा फ्लॅगच नसतो. केंद्र बंद पडलं तरी काटा शेवटच्या जागी निमूट उभा राहू शकतो. म्हणून एनडीबी वापरत आहात तोवर त्याचा आवाज मागे बारीक चालूच ठेवा. एकदा ऐकून बंद केलात तर ते ऐकणं फुकट. आयडेंट स्पष्ट यावा म्हणून काही जण संच अँटेना स्थितीत नेतात. त्या स्थितीत काटा दिशा दाखवत नाही, अनेक संचांत तो ९० वर जाऊन बसतो. ऐकून झालं की एडीएफवर परत या, नाहीतर त्या ९० ला बेअरिंग (केंद्राची दिशा) समजाल. हिशेब सोपा आहे: हेडिंग अधिक काट्याचं सापेक्ष बेअरिंग (नाकापासूनचा कोन) म्हणजे केंद्राकडचं बेअरिंग. हेडिंग ३००, काटा १००, बेरीज ४००, ३६० वजा, उत्तर ४०. इथे मात्र हेडिंग हिशेबात येतं, त्यामुळे जायरो चुकला की उत्तर चुकलं. काटा नाकावर ठेवून उडलात तर बाजूच्या वाऱ्यात मार्ग वाकडा होतो, वाऱ्याची दुरुस्ती धरा. रात्री, किनाऱ्याजवळ, डोंगराळ भागात आणि वळणात असताना काटा चुकतो. वादळी ढग जवळ असेल तर तो विजेकडे ओढला जातो.

डीएमई (केंद्रापर्यंतचं अंतर मोजणारं साधन) सरळ तिरपं अंतर देतं, जमिनीवरचं नाही. केंद्राच्या बरोबर डोक्यावर ६,००० फुटांवर असाल तर ते शून्य न दाखवता सुमारे १ मैल दाखवतं. त्यावरचा ग्राउंडस्पीड (जमिनीच्या संदर्भातला वेग) फक्त केंद्राकडे किंवा केंद्रापासून सरळ जाताना खरा. त्याचा आयडेंट व्हीओआरपेक्षा उंच स्वरात आणि विरळ येतो, तोही वेगळा ऐका, कारण व्हीओआर चालू आणि डीएमई बंद असं होतं. होल्डचं बटण दाबलेलं राहिलं तर डीएमई जुन्या केंद्राचं अंतर देत राहतं. ही तीच गोष्ट, फक्त काट्याऐवजी आकडा.

आयएलएस या टप्प्यात फक्त दाखवतील, तेव्हा थोडक्यात. ओबीएसचा लोकलायझरवर परिणाम होत नाही, तरी आठवण म्हणून धावपट्टीचा कोर्स लावून ठेवा. काटा व्हीओआरपेक्षा सुमारे चौपट संवेदनशील, पूर्ण कडेला म्हणजे अडीच अंश, तेव्हा बारीक सुधारणा. ग्लाइडस्लोप (उतरण्याचा उतार दाखवणारा संकेत) खालून पकडा, वरून नको, वर खोटे स्लोप असतात. आणि आयडेंट, जमिनीच्या एवढ्या जवळ तर नक्कीच.

परतीच्या लेगला (टप्प्याला) दमलेले असाल आणि केंद्रं तीच असतील. तरीही प्रत्येक बदलाला बटण, आयडेंट, ओबीएस, काटा. उतरण्याच्या तयारीत नॅव्हचा आवाज कमी करा, टॉवर ऐकू यायला हवा. पार्किंगला एव्हिओनिक्सचा मास्टर बंद, मग इंजिन. नी-बोर्डवरच्या ज्या आयडेंटसमोर बरोबरची खूण नाही, तो लेग पुन्हा उडायला मागा.