सायकलला लाइट घेताना: डांबरी रस्ता, कच्ची वाट आणि खिसा

डिसेंबर-जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. पहाटे साडेपाचला मुलुंडहून किंवा बोरिवलीहून निघालात तर सव्वा तास तरी अंधारच. जूनमध्ये सहालाच उजाडतं, पण तेव्हा वर ढग आणि समोर पाऊस. म्हणजे लाइट बाराही महिने लागतो आणि तो घेताना गल्लत होते ती बहुतेक एकाच जागी: पाकिटावरच्या ल्युमेनच्या आकड्यावर.

ल्युमेन म्हणजे लाइटमधून चहूबाजूंना मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड. त्यातला किती तुमच्या रस्त्यावर पडतो आणि किती समोरच्या रिक्षावाल्याच्या डोळ्यांत जातो, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. शिवाय स्वस्त मालावरचा आकडा बरेचदा थापच असते. 'टी-६' असं मिरवणाऱ्या लाइटांचं मूळ क्री कंपनीच्या एक्सएम-एल या एलईडीत आहे आणि ती पूर्ण ताकदीने चालवली तरी हजार ल्युमेनच्या आसपास थकते. तशा तीन बसवून कुणी '१२,००० ल्युमेन' छापत असेल तर पाकीट खाली ठेवा.

बॅटरीचंही तसंच. या लाइटांत बहुधा १८६५० नावाचा सेल असतो, १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब. चांगल्यातला चांगला सेलही साधारण ३,५०० एमएएचचा असतो (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप). '९,९०० एमएएच' लिहिलेला सेल म्हणजे शुद्ध फसवणूक. सुटा मिळत असेल तर किचनच्या काट्यावर ठेवा: खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तीस-पस्तीसच भरला तर आत माल कमी आहे. लॅमिंग्टन रोडला सेल घेतानाही हीच परीक्षा करावी, दुकानदार हसला तर हसू दे.

आता हिशेब. २,६०० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे साधारण ९.६ वॉट-तास. ४०० ल्युमेनसाठी लाइट सगळं धरून चारेक वॉट खातो. म्हणजे सव्वादोन तास, फार तर अडीच. त्याच सेलवर '४०० ल्युमेन, ६ तास' लिहिलं असेल तर उजेड मधेच उतरणार, हे गृहीत धरा.

किती लांबचं दिसायला हवं?

ताशी २५ किमी वेगाने तुम्ही सेकंदाला जवळपास ७ मीटर पुढे जाता. खड्डा दिसून ब्रेकवर बोटं आवळेपर्यंत दीड सेकंद जातो, त्यात साडेदहा मीटर संपले. कोरड्या डांबरावर थांबायला आणखी सहा मीटर, ओल्यावर नऊ-दहा. म्हणजे वीस मीटरवरचा खड्डा स्पष्ट दिसलाच पाहिजे. कच्च्या वाटेवर वेग १५च्या आसपास असतो, तिथे नऊ-दहा मीटर पुरतात, पण तिथे उजेड रुंद लागतो, कारण वळणं जवळजवळ असतात आणि फांदी कडेने येते.

यावरून निवड सरळ होते. रस्त्यासाठी ३०० ते ५०० ल्युमेनचा, वरची कड कापलेला झोत. म्हणजे मोटारीच्या डिपरसारखा: खाली भरपूर उजेड, एका आडव्या रेषेच्या वर जवळजवळ काही नाही. जर्मन नियमांनुसार बनवलेले लाइट असे असतात, त्यांच्यावर 'एसटीव्हीझेडओ' लिहिलेलं असतं. उजेड वाया जात नाही म्हणून ३०० ल्युमेनचा असा लाइट गोल झोताच्या ६०० वाल्याला भारी पडतो. कच्च्या वाटेला मात्र हाच झोत अडचणीचा. डोक्याच्या उंचीवरची फांदी त्या कापलेल्या रेषेच्या वर राहते आणि चढ लागला की वाटच दिसेनाशी होते. तिथे गोल, रुंद झोत हवा, ७०० ते १,००० खऱ्या ल्युमेनचा.

दोन्ही एकाच लाइटमध्ये हवं असेल तर गोल झोताचाच घ्या, उजेडाची मधली आणि खालची पायरी असलेला. रस्त्यावर मधल्या पायरीवर ठेवा आणि नाक खाली करा. शहरात बहुतेक वेळ पथदिव्यांखालीच जातो, तिथे आपल्याला दिसण्यापेक्षा आपण इतरांना दिसणं महत्त्वाचं, आणि त्याला शंभर ल्युमेनही पुरतात. (ऑफ-रोड म्हणजे डोंगरच असं नाही. मेट्रोचं काम चाललेल्या रस्त्याची उखडलेली कड, सुटे पेव्हर ब्लॉक आणि वर आलेलं गटाराचं झाकण हा प्रकार कर्जत-मुरबाडच्या शेतरस्त्यापेक्षा वाईट असतो.)

कच्च्या वाटेवर दुसरा लाइट हेल्मेटवर असला तर मजा येते. हँडलवरचा लाइट खालून येतो, त्यामुळे दगड-खळग्याला सावली पडते आणि खोली कळते. हेल्मेटवरचा लाइट डोळ्यांच्या रेषेतच असतो, सावली दिसत नाही आणि सगळं सपाट वाटतं. पण तो तुम्ही बघाल तिकडे वळतो, आंधळ्या वळणात तोच कामाला येतो. तरी खोली कळत नाही म्हणून फक्त हेल्मेटवरचा कधीच नको. तो १५० ग्रॅमच्या आत हवा, नाहीतर मान धरते. धुक्यात आणि धुळीत तो बंद करा, नजरेसमोर पांढरा पडदा उभा राहतो. आणि आरेच्या आतल्या पायवाटांवर बिबट्याचा वावर आहे. लाइट कितीही भारी असला तरी अंधारात तिथे एकट्याने शिरू नये.

पावसात काय होतं?

कोरडं डांबर खरखरीत असतं, उजेड थोडा परत फेकतं. ओलं डांबर आरशासारखं वागतं: तुमचा उजेड पुढच्या पुढे निघून जातो आणि रस्ता काळाठिक्कर दिसतो. पाणी भरलेला खड्डा आणि नुसता ओला रस्ता यांत फरकच कळत नाही. अशा वेळी ल्युमेन वाढवून फारसं साधत नाही, वेग कमी करावा लागतो. निळसर पांढऱ्या उजेडापेक्षा किंचित पिवळसर, ४,०००-५,००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप) उजेड पावसात डोळ्यांना बरा वाटतो. लाइट पाण्याला किती दाद देत नाही, ते आयपीएक्सच्या आकड्यावरून कळतं. आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोड्यांपुरतं. मुंबईच्या जुलैसाठी आयपीएक्स-६ बघा. आणि आकडा काहीही असो, चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण घट्ट बसतंय का, ते बोटाने दाबून पाहा. पाणी शिरतं ते तिथूनच.

मागचा लाल लाइट

लोक पुढच्यावर दोन हजार घालतात आणि मागे दीडशे रुपयांचा नाणे-सेलचा दिवा लटकवतात. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर धोका मागून येतो, हे लक्षात घेतलं तर हा हिशेब उलटा वाटेल. रात्रीसाठी २० ते ५० ल्युमेन, भर पावसात किंवा दिवसा लावायचा असेल तर शंभर. बाजूनेही दिसणारं भिंग हवं. नुसत्या लुकलुकणाऱ्या लाइटवरून मागच्या चालकाला अंतराचा अंदाज येत नाही. म्हणून एक स्थिर, एक लुकलुकणारा असे दोन उत्तम, किंवा कायम जळत राहून मधेच उसळी घेणारा मोड. सीटच्या दांड्यावर रस्त्याला समांतर बसवा. सॅडलच्या पिशवीला अडकवलेला लाइट थोड्या वेळात जमिनीकडे बघू लागतो. मडगार्ड नसेल तर तासाभराच्या पावसात चिखलाने झाकला जातो, तेव्हा मधे थांबून पुसा.

अडीच-तीन हजारांत गणित असं बसवता येतं: निम्म्याहून थोडे जास्त पैसे पुढच्या लाइटला, तिसरा हिस्सा मागच्याला आणि उरलेल्यात नाणे-सेलची एक छोटी जोडी पिशवीत राखीव.

घेतल्यावर, परत करायची मुदत संपायच्या आत

पूर्ण चार्ज करा. सर्वांत वरच्या मोडवर भिंतीकडे तोंड करून लावा, समोर टेबलफॅन चालू ठेवा, कारण सायकलवर वारा लाइटला गार ठेवतो. फोनवरच्या लक्समीटर (उजेड मोजणाऱ्या) ॲपने दर पंधरा मिनिटांनी भिंतीवरचा आकडा लिहा. पहिल्या दहा मिनिटांत थोडा उतरला तर चालेल, उष्णतेपासून बचाव म्हणून तशी सोय असते. तासाभरात निम्म्याखाली गेला तर परत करा. सी-टाइप लाइट काही वेळा सी-टू-सी केबलवर चार्जच होत नाही. बिघडला असं समजू नका, जुन्या चौकोनी टोकाच्या केबलने करून बघा. पॉवरबँक लावलेली असताना लाइट चालतो का, तेही आत्ताच तपासा. २०० किमीची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायची असेल, साडेतेरा तासांची मुदत असते, तर हे हवंच.

रोख लावायची रीत: बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये भिंतीपासून पाच मीटरवर सायकल उभी करा. लाइटच्या उंचीला भिंतीवर खडूने रेघ मारा. गोल झोत असेल तर मधला ठसठशीत गोळा त्या रेघेच्या २५ सेंटिमीटर खाली यायला हवा. लाइट मीटरभर उंचीवर असेल तर तो वीस मीटरवर रस्त्याला टेकतो. कापलेल्या झोताची वरची कड रेघेच्या पाच सेंटिमीटर खाली ठेवा.

हँडलची जाडी आधी मोजा: मध्यभागी बहुधा ३१.८ किंवा २५.४ मिमी, मुठीकडे २२.२. रबरी पट्ट्याचा लाइट खड्ड्यांत हळूहळू मान टाकतो. जुन्या ट्यूबचा दोन इंची तुकडा पट्ट्याखाली गुंडाळा, सरकणं थांबतं. पट्टा उन्हाने तडकतो, एक जादा ठेवा. स्टेशनबाहेर सायकल लावताना दोन्ही लाइट खिशात.

पावसातून आल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका. झाकण उघडून पंख्याखाली रात्रभर ठेवा, खारी हवा आणि वीज एकत्र आली की आतल्या पिना हिरव्या पडायला लागतात. ज्या लाइटला सेल बाहेर काढता येतो, त्याच्या धातूच्या टोकांना पावसाळ्यापूर्वी व्हॅसलीनचं अगदी पातळ बोट फिरवा.