तेच स्वर, तीन राग : संगीताचा आपल्यावरील परिणाम कसा तपासावा

एखादा राग ऐकून मन उदास झाले, तर ती उदासी सुरांची की आपली, हे पाहण्यासाठी मारवा, पूरिया आणि सोहनी हे तीन राग लागोपाठ ऐकावेत. तिन्हींत रिषभ (रे) कोमल म्हणजे किंचित उतरलेला, मध्यम (म) तीव्र म्हणजे किंचित चढा, पंचम (प) वर्ज्य आणि बाकीचे स्वर शुद्ध आहेत. त्यामुळे परिणामात फरक जाणवला, तर त्याचे कारण स्वर कोणते यात नसून ते कसे लावले यात असते.

शक्यतो एकाच वाद्यावरचे किंवा एकाच कलाकाराचे विलंबित आलाप, म्हणजे शब्दांविना संथ स्वरविस्तार, निवडावेत. बंदिशीचे शब्द कानी पडू लागले, की भाव शब्दांचा की सुरांचा हे सांगता येत नाही. प्रत्येक राग दहा मिनिटे ऐकून प्रथम श्वास, खांदे, जबडा यांत काय बदलले ते लिहावे आणि भावनेला नाव त्यानंतरच द्यावे. रागाचा रस, म्हणजे त्याला जोडलेला भाव, आधी वाचू नये. वाचलेलेच मग ऐकू येते.

मारव्यापाशी जास्त वेळ थांबावे. त्यात कोमल रिषभ आणि धैवत (ध) प्रबळ असतात, गायक षड्जाला (सा या आधारस्वराला) वळसे घालत राहतो आणि पंचम नसल्याने तंबोऱ्याची पहिली तारही बहुधा निषादात (नी) लावलेली असते. कानाला घर दिसते, पण आत जाता येत नाही. आलाप चालू असताना स्वतः हलकेच षड्ज गुणगुणून पाहावा. अस्वस्थता कमी झाली, तर तिचे मूळ सापडले असे समजावे. पूरिया गंधार-निषादांवर (ग-नी), बराचसा मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात रेंगाळतो, तर सोहनी तार म्हणजे वरच्या षड्जाभोवती चपळपणे फिरते. (नाट्यशास्त्र या प्राचीन ग्रंथात गंधार-निषाद करुण रसाला दिले आहेत, पण तेव्हाची स्वरव्यवस्था वेगळी होती, म्हणून ते सूत्र पूरियाला चिकटवण्याचा मोह टाळावा.)

दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करावा, कारण सोहनीनंतरचा मारवा अधिक जड वाटू शकतो. सूर्यास्ताचा मानला जाणारा मारवा एकदा सकाळीही ऐकावा. हुरहुर कातरवेळेची होती का, ते त्यातून कळते. एखाद्या सुरावटीने जुने घर किंवा गेलेले माणूस आठवले, तर ती नोंद वेगळ्या रकान्यात करावी, पण खोडू नये. शेवटी तीच ध्वनिमुद्रणे दुसऱ्या कोणाला ऐकवून दोघांच्या वह्या शेजारी ठेवाव्यात : शरीराच्या नोंदी किती जुळतात आणि आठवणींचा रकाना कुठे वेगळा पडतो, हे तिथे दिसेल.