बाळ हललं, पण कसं हललं? सोनोग्राफीत या चुका टाळा

एनटी स्कॅनला, म्हणजे बाराव्या आठवड्याच्या आसपासच्या सोनोग्राफीला, आलेली आई आधी एकच विचारते, "बाळ हलतंय ना?" पडद्यावर ठोके दिसतात, बाळ जरा डोलतं आणि आपण सोनोग्राफी करणारे "हो" म्हणून मोकळे होतो. पहिली चूक इथेच होते. आई खोकली, तिने खोल श्वास घेतला, प्रोब दाबला गेला, तरी बाळ हलतं. ते त्याचं स्वतःचं हलणं नव्हे. बाराव्या आठवड्याचं निरोगी बाळ अंग ताणतं, गुडघे दुमडतं, हात तोंडाशी नेतं. फीटल अकायनेशिया (बाळाची स्वतःची हालचाल न होणं) किंवा आर्थ्रोग्रायपोसिस (अनेक सांधे जन्मतःच आखडलेले असणं) असेल तर अख्खं धड सरकतं, पण मनगट आत वळलेलं ते वळलेलंच, गुडघे ताठ, मूठ आवळलेली. एकदा मूठ मिटलेली दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. ती उघडेपर्यंत मात्र थांबायचं.

"बाळ झोपलंय" हे खरंही असतं. आईला फेरी मारून यायला सांगा, अर्ध्या तासाने पुन्हा बघा. तेव्हाही तसंच असेल, तर आठवड्याभरात परत बोलवा.

अनोमली स्कॅनमध्ये, म्हणजे पाचव्या महिन्यात व्यंग शोधायला करतात त्या सोनोग्राफीत, मांडीच्या हाडाची लांबी मोजली जाते, सांधा वाकतो का हे बघायचं राहून जातं. थांबवलेल्या चित्रात हालचाल कुठून दिसणार? साधारण 3000 जन्मांमागे एका बाळाला आर्थ्रोग्रायपोसिस असतो आणि त्यातल्या बहुतेकांचं निदान जन्मानंतरच होतं. गर्भजल वाढण्याची वाट बघू नका. बाळ गिळत नाही म्हणून पाणी वाढतं, पण ते उशिरा.

मला सगळ्यात जास्त खटकते ती न विचारलेली माहिती. लग्न नात्यात झालंय का, मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी? आधीचं बाळ गेलं होतं का? संध्याकाळी आईच्या पापण्या जड होतात का? मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू थकवणाऱ्या आजारात आईची प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत जातात आणि त्याचे स्नायू लुळे पाडतात. कधीकधी आईला स्वतःला काहीच त्रास नसतो. या कारणावर उपचार करता येतात, म्हणून ते निसटता कामा नये.

शंका आली की त्याच आठवड्यात फीटल मेडिसिनकडे, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या तज्ज्ञांकडे, पाठवा. गर्भपात कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनंतर 24 आठवड्यांपुढच्या गर्भपाताचा निर्णय मेडिकल बोर्डाकडे जातो, आणि जनुकीय तपासणीचा अहवाल यायला वेळ लागतो.

आणि बाळ गेलंच, तर डीएनएचा नमुना, एक्स-रे आणि फोटो ठेवल्याशिवाय आईवडिलांना घरी पाठवू नका. दोघांकडून आलेला रिसेसिव्ह (दोघांकडून मिळाला तरच आजार होतो असा) जनुकीय दोष सापडला, तर पुढच्या प्रत्येक खेपेला धोका 25 टक्के असतो, आणि तो दोष अकराव्या आठवड्यापासून वारेच्या तपासणीत कळू शकतो.