बैठकीत कोणाचे बोलणे तुटते, हे कसे मोजावे

कार्यालयातील स्त्री-पुरुष असमानतेची चर्चा बहुधा वेतनापासून सुरू होते. पण एखादे काम कोणाच्या नावावर जमा होते, हे बरेचदा बैठकीत कोणाचे ऐकले गेले यावर ठरते. म्हणून बैठक चालवणाऱ्याने आधी मोजणी करावी. सलग चार-पाच बैठकांत कोण किती वेळ बोलले, कोणाचे वाक्य कोणी तोडले आणि मुद्दा प्रथम कोणी मांडला, एवढेच टिपून ठेवावे. आठवणीवर विसंबू नये, कारण आपण स्वतः कितीदा मध्ये बोललो हे सहसा कोणालाच आठवत नाही. मध्येच ‘बरोबर’ म्हणून दुजोरा देणे हा व्यत्यय नव्हे. ज्यामुळे मुद्दा अर्धवट राहिला, तोच मोजावा.

झिमरमन आणि वेस्ट या समाजशास्त्रज्ञांच्या १९७५ च्या अभ्यासात स्त्री-पुरुषांच्या संवादांतील ४८ पैकी ४६ व्यत्यय पुरुषांनी आणलेले होते. तो नमुना अवघ्या ११ संवादांचा होता आणि नंतरच्या अभ्यासांत फरक बराच कमी आढळला. तेव्हा आकडा नव्हे, मोजण्याची रीत तेवढी उचलावी.

स्त्रियांनी ‘मला वाटते’, ‘कदाचित’ हे शब्द टाळून ठामपणे बोलावे, हा सल्ला मला अपुरा वाटतो. ओ'बार आणि अ‍ॅटकिन्स या संशोधकांनी न्यायालयातील साक्षी अभ्यासून १९८० मध्ये दाखवले की असे शब्द वापरून बोलणे लिंगापेक्षा सामाजिक स्थान आणि अनुभव यांच्याशी अधिक निगडित असते. त्यामुळे बोलणारीला शिकवण्याआधी बैठकीचा नियम बदलावा.

प्रत्येकाला पाळी द्यावी आणि कोणी मध्ये बोलल्यास ‘त्यांचे पूर्ण होऊ द्या’ असे अध्यक्षानेच म्हणावे. ते ओझे जिचे वाक्य तुटले तिच्यावर टाकू नये. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मुक्त प्रश्नोत्तरांनंतर न्यायमूर्तींना ज्येष्ठतेनुसार स्वतंत्र पाळी देण्यास सुरुवात केली. महिला न्यायमूर्तींचे बोलणे अधिक वेळा तोडले जाते, हे दाखवणारे अभ्यास त्यामागचे एक कारण असल्याचे न्यायमूर्ती सोनिया सोतोमायोर यांनी सांगितले.

इतिवृत्तात मुद्दा प्रथम मांडणाऱ्याचे नाव लिहावे, नंतर तोच मुद्दा मोठ्या आवाजात सांगणाऱ्याचे नव्हे. इतिवृत्त लिहिण्याचे काम मात्र न विचारता एखाद्या सहकारी स्त्रीकडे सरकवू नये, कारण लिहीत बसलेल्या व्यक्तीला बोलायला सवड मिळत नाही. ती पाळी आधी ठरवून बैठकीच्या सूचनेतच नावानिशी कळवावी.