जर्मनीत ‘फी नाही’, मग खर्च किती? मास्टर्ससाठी विद्यापीठ निवडताना

बँकेत मी बरीच वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर काढली. सांगली-मिरजेकडचे पालक प्रवेशाचं पत्र घेऊन यायचे. विद्यापीठ कसं निवडलंत असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘एजंट म्हणाला, जर्मनीत शिक्षण फुकट आहे.’ पुढे माझी मुलगी मेकॅनिकलची बी.ई. होऊन तिकडे निघाली, तेव्हा मी तिला कागद-पेन घेऊन बसवलं. तोच हिशेब इथे मांडतो.

युरो 100 रुपयांचा धरा. भाव थोडा इकडेतिकडे झाला तरी निर्णय बदलत नाही आणि आकडेमोड तोंडी होते.

आधी खर्चाचा मोठा आकडा बघू. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो आधीच भरावे लागतात. ही रक्कम 2024 च्या सप्टेंबरपासूनची आहे, अर्ज करताना ताजा आकडा बघून घ्या. पैसे आपलेच असतात, पण हातात महिन्याला 992 युरोच येतात. त्यात भाडं, जेवण, महिन्याचा सुमारे 140 युरोंचा आरोग्य विमा, आणि हो, घरटी 18.36 युरो रेडिओ-टीव्हीचा कर, घरात टीव्ही नसला तरी! दोन वर्षांचे झाले जवळपास 24 लाख. फी शून्य धरूनही.

आता फीकडे वळू. बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत फी नसते. दर सत्राला साधारण 100 ते 400 युरो वर्गणी असते आणि तिच्यात बऱ्याच ठिकाणी बस-रेल्वेचा पास येतो. ठळक अपवाद दोन. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूहे, फ्रायबुर्ग वगैरे ठिकाणी, 2017 पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं 2024 च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्रामागे 4,000 ते 6,000 युरो लावले. चार सत्रांचे 16 ते 24 लाख, वर म्युनिकचं भाडं. नाव कितीही मोठं असो, स्वस्तच्या यादीत ते आता बसत नाही.

एजंटच्या चकचकीत पत्रकांत बरीचशी खासगी विद्यापीठं असतात. सगळी वाईट नसतात, पण वर्षाची फी दहा लाखांच्या पुढे सहज जाते. ‘होखशूलकोम्पास’ या संकेतस्थळावर संस्था सरकारी की खासगी हे स्पष्ट दिसतं. तिथे खात्री झाल्याशिवाय कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.

माझं खरं सांगणं पुढे आहे. मास्टर्स कागदावर चार सत्रांचं असतं, पण मुलांची पाच-सहा सत्रं होतात, हे तिकडे सर्रास आहे. एक सत्र लांबलं की 992 गुणिले 6, म्हणजे सुमारे 6 लाख वाढले. स्टुटगार्टची चारही सत्रांची फी मिळून तेवढीच होते! म्हणून ‘फी किती’ याच्या जोडीला ‘मूल इथून वेळेत बाहेर पडेल का’ हे विचारायला हवं.

ते कळतं दोन कागदांतून. पहिला ‘मोड्यूलहांडबुख’, अभ्यासक्रमाचं पुस्तक. त्यातले विषय आपल्या गुणपत्रिकेशेजारी ठेवून ताडून बघा. मुलीच्या पसंतीच्या एका कोर्सला कंट्रोल इंजिनिअरिंगचे जेवढे क्रेडिट हवे होते, तेवढे तिच्याकडे नव्हते. अशा वेळी नकार येतो, किंवा राहिलेले विषय पूर्ण करण्याच्या अटीवर प्रवेश मिळतो. ते जास्तीचे विषय सत्र खातात. तिनं तो कोर्स यादीतून काढला. दुसरा कागद ‘प्र्यूफुंग्सऑर्डनुंग’, परीक्षेचे नियम. बऱ्याच विद्यापीठांत एका विषयाला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालं तर नाव कमी होतं आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही सहसा करता येत नाही. आपल्याकडच्या एटीकेटीची सवय असलेल्या मुलांना हे आधीच सांगा.

प्रवेशाची शक्यता घरबसल्या काढता येते. कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण यांच्यातल्या फरकानं भागा, तीननं गुणा, एक मिळवा. दहापैकी 8.2 सीजीपीए आणि उत्तीर्णची मर्यादा 4 असेल तर जर्मन मोजणीतले गुण 1.9 येतात. तिकडे 1 सर्वात चांगला. अनेक कोर्स 2.5 पर्यंतच घेतात, म्हणजे याच मापानं 7 सीजीपीए.

गाव निवडताना मुलीनं काइझर्सलाउटर्न घेतलं. लाखभर वस्तीचं गाव, नातेवाइकांना नाव उच्चारता येत नाही. पण फ्राउनहोफर या जर्मन संशोधन संघटनेच्या संस्था आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचं संशोधन केंद्र तिथेच आहे, त्यामुळे विद्यार्थी-सहायकाची कामं मिळतात, आणि वसतिगृहाची खोली म्युनिकच्या खासगी खोलीच्या निम्म्यात येते. वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. मात्र कंपनीतल्या कामाला जर्मन लागतंच, शिकवणी इंग्रजीत असली तरी. बी.ई.च्या शेवटच्या वर्षातच पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात किंवा ऑनलाइन सुरुवात केलेली बरी. कमाई मात्र कर्जाच्या हिशेबात धरू नका.

समाजकल्याण विभागाच्या परदेश शिष्यवृत्तीला पात्र असाल तर क्रम उलटा करा. तिथे क्यूएस या जागतिक विद्यापीठ-क्रमवारीची अट असते, त्यामुळे छोटं, स्वस्त विद्यापीठ नेमकं बाद होऊ शकतं. आधी त्या वर्षीची जाहिरात वाचा, मग यादी करा.

कर्जाचं बोलायचं तर साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका सहसा तारण मागतात. सातबारा घेऊन येणारे पालक मी रोज परत पाठवायचो. जप्तीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणून बँका ती घेत नाहीत. बिनशेती प्लॉट किंवा राहतं घर चालतं, पण मालकीचा शोध अहवाल आणि मूल्यांकनाला वेळ जातो. ते काम प्रवेशाच्या पत्राची वाट न बघता सुरू करा.

एपीएस प्रमाणपत्राचंही तसंच. आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा हा दाखला. 2022 च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते सक्तीचं आहे, फी 18,000 रुपये. अनेक विद्यापीठांचे परदेशी अर्ज तपासणाऱ्या ‘युनि-असिस्ट’ या संस्थेमार्फत पहिल्या अर्जाला 75 आणि पुढच्या प्रत्येकाला 30 युरो पडतात, म्हणजे सहा अर्जांचे 225. एवढे अर्ज पुरेत: दोन जरा वरचे, तीन गुणांना साजेसे, एक हमखास मिळेल असा. काही विद्यापीठं हिवाळी सत्राचे परदेशी अर्ज 1 मार्चलाच बंद करतात, तेव्हा एपीएसचा अर्ज दिवाळीच्या आत गेलेला असावा.