तांबडी-पांढरी चवळी आणि निवडीचा जोर

निसर्गाच्या निवडीचा जोर वाढला की तोट्याचा अ‍ॅलील (जनुकाचं एक रूप) भराभर घटतो, एवढं सगळ्यांना पाठ असतं. किती भराभर आणि कुठवर, हे बघायला दोन रंगांची चवळी पुरते. लक्ष्मीपुरीत तांबडी आणि पांढरी पाव-पाव किलो घ्या (ही रंगजोडी कोल्हापुरात समजावून सांगायला नको). दोन्ही एकाच चाळणीतून काढून सारखे दाणे ठेवा. पांढरा दाणा जरा मोठा असला तर बोटं नकळत तोच उचलतात. पावसाळ्यात डबा घट्ट लावा. ओल धरलेला दाणा फुगतो आणि हाताला लगेच कळतो.

एक दाणा म्हणजे एक अ‍ॅलील, दोन दाण्यांची जोडी म्हणजे एक जीव. तांबडा प्रभावी (जोडीत एक असला तरी त्याचाच गुण दिसतो), पांढरा अप्रभावी धरा. कापडी पिशवीत ५०-५० दाणे घालून चांगले हलवा आणि न बघता दोन-दोन काढून ५० जोड्या लावा. साधारण १२-१३ तांबड्या, २५ मिश्र, १२-१३ पांढऱ्या जोड्या येतील.

आता फक्त पांढऱ्या जोड्यांवर निवड लावायची. निवड गुणांक म्हणजे त्यातल्या किती वाट्याच्या जोड्या बाद होतात ते. तो १ असेल तर सगळ्या बाद. ०.५ साठी प्रत्येक जोडीला नाणं उडवा, काटा पडला की बाद. ०.१ साठी १ ते १० च्या चिठ्ठ्या करा, १ आला तर जोडी बाद. चिठ्ठी दर वेळी परत टाका. मिश्र जोडीतला पांढरा दाणा काढून टाकायचा नाही. इथेच बहुतेकांचं गणित बिघडतं. निवड जिवाची होते, सुट्या दाण्याची नव्हे.

उरलेल्या जोड्या मोडून दाणे मोजा. पांढरे भागिले उरलेले एकूण दाणे. भागाकारात जुनेच १०० घेतले तर उत्तर चुकतं. ०.५ वरून एका पिढीत अपेक्षित आकडा: गुणांक १ ला ०.३३, ०.५ ला ०.४३, ०.१ ला ०.४८७. त्याच प्रमाणात पिशवी पुन्हा १०० दाण्यांची करा, म्हणजे ०.३३ ला ३३ पांढरे आणि ६७ तांबडे. कागदावर ताळा करायला, पांढऱ्याचा वाटा क आणि गुणांक स धरून:

नवा क = क × (१ − स × क) ÷ (१ − स × क × क)

खरी गंमत पुढे आहे. गुणांक १ ठेवूनही ०.५ वरून ०.१ वर यायला ८ पिढ्या लागतात, पण ०.१ वरून ०.०१ वर यायला आणखी ९०! ०.१ वर पोचल्यावर १० पैकी ९ पांढरे दाणे मिश्र जोड्यांत तांबड्याच्या आडोशाला असतात, आणि ५० जोड्यांत पांढरी जोडी सरासरी अर्धीच येते. निवडीला मारायला कुणी सापडतच नाही. उलट प्रयोगात प्रभावी तांबड्यावर गुणांक १ लावा, एका पिढीत तो साफ होतो.

०.१ गुणांकाला एखाद्या पिढीत पांढरे जराही घटले नाहीत, तर मोजणीला दोष देऊ नका. १०० दाण्यांत निव्वळ नशिबाने वाटा साधारण ०.०१ ने इकडे-तिकडे होतो. निवडीचा धक्काही जेमतेम तेवढाच, ०.०१३. वर्गातल्या १० गटांची सरासरी घ्या, तेव्हा कुठे कल दिसू लागतो.

मिश्र जोडीच सरस ठरवून बघायची असेल तर तांबड्या जोडीला ०.१ आणि पांढरीला ०.९ गुणांक द्या. पांढरा ०.१ च्या आसपास येऊन थांबतो. मलेरियाच्या प्रदेशात सिकल सेल या रक्ताच्या आजाराचा अ‍ॅलील टिकून राहतो तो याच हिशेबाने.